संस्था गावची, हिशेब कुणाचा?



या पानावर एरवी आपण बियाणं, खत, फवारणी यावर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण शिवाराशीच बांधलेला आहे. गावातलं देवस्थान, शाळा चालवणारी संस्था, तरुण मंडळ, गोशाळा, वाचनालय यांचा हिशेब आणि त्यांचा कर. तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला ही उठाठेव कशाला? तर त्यामागे एक प्रसंग आहे.

माझ्या सज्जातल्या एका गावचा पाझर तलाव गाळाने भरला होता. एक कंपनी सामाजिक निधीतून डिझेलचा खर्च द्यायला तयार झाली. पोकलेन मिळणार होता, शेतकरी स्वखर्चाने गाळ वाहून नेणार होते. अट एकच. पैसा गावातल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत खर्च व्हायचा. गावात देवस्थानचा ट्रस्ट होता. अध्यक्षांनी पिशवीतून प्लास्टिकच्या आवरणातलं नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे बघा साहेब, सरकारी शिक्का आहे." कंपनीच्या माणसाने आदराने कागद बघितला आणि पुढचे कागद मागितले. संस्थेच्या नावाचं पॅन कार्ड, आयकर खात्याची १२ ए आणि ८० जी ची नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. प्रमाणपत्रासोबतच्या यादीत पाच विश्वस्त होते. त्यातले तिघे देवाघरी गेलेले. नवी नावं कुठेच नोंदलेली नव्हती.

दोन आठवडे धावपळ केली, पण वरातीमागून घोडं. काम शेजारच्या तालुक्यात गेलं. पावसाळा आला, तलाव जसा होता तसा राहिला. त्या गावात कुणी पैसा खाल्ला नव्हता. दानपेटीतला रुपया न् रुपया मंदिरावर लागलेला. फक्त ते दाखवायला कागद नव्हता. म्हणून हा लेख.

दोन दारं आणि दोन किल्ल्या

आपल्याकडे मोठा गैरसमज असा, की एकदा ट्रस्ट नोंदवला की सगळं झालं. तसं नाही. इथे दोन दारं आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या.

पहिलं दार धर्मादाय आयुक्तांचं. पूर्वी ज्याला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० म्हणत, तोच आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो. देवस्थान, धर्मादाय ट्रस्ट आणि १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्था या कायद्याखाली येतात. संस्था अस्तित्वात आहे, तिची मालमत्ता इतकी आहे आणि तिचे विश्वस्त हे आहेत, एवढं हे दार सांगतं.

दुसरं दार आयकर खात्याचं. धर्मादाय नोंदणी असली म्हणून आयकर आपोआप माफ होत नाही. त्यासाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. तिला लोक अजून जुन्या सवयीने '१२ ए' म्हणतात. ती नसेल तर देणगीसुद्धा संस्थेचं उत्पन्न धरली जाऊ शकते आणि मर्यादेवर गेली की तिच्यावर कर लागू शकतो. '८० जी' ही त्याहून निराळी गोष्ट. १२ ए ने संस्थेला सवलत मिळते, ८० जी ने देणगी देणाऱ्याला.

आणखी एक खुलासा. विविध कार्यकारी सोसायटी, दूध संस्था या सहकार कायद्यातल्या. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्यातली, ती सभासदांच्या नफ्यासाठीच असते. सिंचनाच्या पाणी वापर संस्थांना २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. यांचे नियम वेगळे. आपण बोलतोय ते फक्त धर्मादाय आणि सेवाभावी संस्थांबद्दल. अनेक गावांत एकच माणूस सोसायटीचा चेअरमन आणि देवस्थानचा अध्यक्षही असतो. तो एका संस्थेचा नियम दुसरीला लावतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

कायदा कुठे बदलला?

पूर्वी १२ ए ची नोंदणी एकदा मिळाली की ती कायमची. सातबाऱ्यावर नाव लागलं की आपण निश्चिंत होतो, तसं. २०२० च्या वित्त अधिनियमाने हे बदललं आणि १ एप्रिल २०२१ पासून नवी पद्धत आली. जुन्या संस्थांनाही संगणकावरून पुन्हा अर्ज करावा लागला. नोंदणी मिळाली ती ५ वर्षांची. नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी आणि काम सुरू झाल्यावर पुन्हा अर्ज. म्हणजे सातबाऱ्यासारखा मामला पीकविम्यासारखा झाला. मुदत चुकली की संरक्षण गेलं.

गावोगावच्या संस्थांना हे वेळेवर कळलं नाही. सरकारने मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. जुन्या संस्थांच्या अर्जासाठीची शेवटची वाढ ३० जून २०२४ पर्यंत होती. ज्यांनी वेळेत अर्ज केले, त्यांची पहिली पाच वर्षं ३१ मार्च २०२६ ला संपतात आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. तुमच्या संस्थेने तो केला होता का? हा लेख वाचून झाल्यावर पहिल्यांदा एवढंच तपासा.

चुकलं तर काय? २०२३ च्या वित्त अधिनियमाने एक कडक तरतूद आणली. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत झाला नाही, तर संस्थेच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून जी रक्कम उरते, तिच्यावर सर्वाधिक दराने कर लागू शकतो. नुसत्या एका वर्षाच्या उत्पन्नावर नव्हे, साठलेल्या मालमत्तेवर. गावाने वर्गणीतून बांधलेली शाळेची इमारत, भक्तांनी दिलेली रस्त्याकडेची जागा, सगळं त्या हिशेबात येऊ शकतं. मात्र घाबरून हातपाय गाळू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयकर आयुक्तांना दिलेला आहे. उशीर झाला असेल तर लपवू नका. कारण लिहून अर्ज करा.

एक चांगला बदलही झाला. ज्या संस्थेचं सवलतीआधीचं उत्पन्न मागच्या दोन्ही वर्षांत ५ कोटी रुपयांच्या आत आहे, तिला २०२५ च्या वित्त अधिनियमाने नूतनीकरणात ५ ऐवजी १० वर्षांची नोंदणी दिली. गावातली जवळपास प्रत्येक संस्था यात बसेल.

आता तिसरा बदल. १९६१ चा आयकर कायदा जाऊन आयकर अधिनियम २०२५ आला. त्याची लागू तारीख १ एप्रिल २०२६. नफ्यासाठी नसलेल्या नोंदणीकृत संस्थांसाठी त्यात वेगळं प्रकरण केलेलं आहे. कलमांचे आकडे बदलले, पण मूळ चौकट बरीचशी तीच राहिली. लक्षात ठेवा, २०२५-२६ या वर्षापर्यंतचा हिशेब जुन्या कायद्यानेच द्यायचा असतो. त्यामुळे कुणी 'नवा कायदा आला, जुनं सगळं माफ' म्हणून सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

पंच्याऐंशी आणि पंधरा

आयकराच्या सवलतीचं गणित सोपं आहे. वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के संस्थेच्या उद्देशावर खर्च झाले पाहिजेत. १५ टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात.

समजा, एका संस्थेला वर्षात १२ लाख रुपये मिळाले. तिने १० लाख २० हजार खर्च करायला हवेत. १ लाख ८० हजार शिल्लक राहिले तरी चालतात. आता समजा खर्च ७ लाखच झाला, कारण पुढच्या वर्षी सभामंडप बांधायचा आहे. मग ३ लाख २० हजार कमी पडले. यावर कर टाळायचा असेल तर विश्वस्तांनी ठराव करून, कशासाठी आणि किती वर्षांसाठी पैसा साठवतोय हे ठरावीक नमुन्यात आयकर खात्याला वेळेत कळवायचं. जास्तीत जास्त ५ वर्षं. न कळवता पैसा बँकेत ठेवला तर तो करपात्र. पैसा तोच, मंडप तोच, पण एका ठरावावाचून कर भरावा लागतो.

यात तीन बारीक गोष्टी आहेत. पहिली, बिल आलं पण पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत. पैसे दिले त्या वर्षी धरतात. दुसरी, एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिले तर तो खर्च सवलतीत मोजत नाहीत. गवंड्याला, मंडपवाल्याला, वाळूवाल्याला धनादेशाने किंवा बँकेतून द्या. तिसरी, कायम निधी म्हणून दिलेली देणगी वेगळी. दात्याने तसं लेखी लिहून दिलं पाहिजे आणि ती रक्कम वेगळी ओळखता येईल अशी ठेवीत असली पाहिजे. 'तात्या तोंडी म्हणाले होते' हे लेखापरीक्षकाला चालत नाही.

उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेलं की सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण लागतं. जुन्या कायद्याप्रमाणे तो अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत आणि विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत. धर्मादाय कार्यालयाकडेही ३१ मार्चचा हिशेब बंद झाल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण अहवाल द्यायचा असतो. म्हणजे दोन्ही दारांचं काम एकाच हंगामात येतं. सरकार काही वर्षी मुदत वाढवतं, पण त्या भरवशावर बसणं म्हणजे परतीच्या पावसाच्या भरवशावर पेरणी करणं.

ठेव, व्याज आणि गेलेले पैसे

संस्थेची २० लाखांची ठेव ७ टक्क्यांनी बँकेत आहे असं धरा. वर्षाला १ लाख ४० हजार व्याज. पॅन दिलेला असेल तर बँक १० टक्के, म्हणजे १४ हजार कापून सरकारात भरते. पॅन नसेल तर २० टक्के, म्हणजे २८ हजार. नोंदणी आणि विवरणपत्र व्यवस्थित असेल तर कापलेला कर परत मिळतो. विवरणपत्रच भरलं नाही तर पैसा आला कधी आणि गेला कधी, गावाला पत्ताही लागत नाही. पाच वर्षांत २८ हजारांचे १ लाख ४० हजार होतात. एका वर्षाचं सगळं व्याज गेलं! आता बोला.

ठेव कुठे ठेवायची यालाही बंधन आहे. टपाल खातं, अनुसूचित बँक, कायद्याने मान्य केलेली सहकारी बँक ही ठिकाणं. पतसंस्था ही बँक नव्हे. एक-दीड टक्का जादा व्याज मिळतं म्हणून देवाचा पैसा पतसंस्थेत ठेवला तर दोन्ही कायद्यांपुढे अडचण होते. शिवाय बँकेच्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, पतसंस्थेला ते नाही. आणि विश्वस्ताच्या स्वतःच्या बचत खात्यावर संस्थेचा पैसा? माणूस कितीही सज्जन असो, ते करूच नका. उद्या तो माणूस गेला तर त्याचे वारस आणि गाव यांच्यात वितुष्ट येतं.

जमीन: इथे शेतकऱ्याने कान टवकारावेत

बऱ्याच देवस्थानांना जमिनी आहेत. कुणी खंडाने करतं, कुणी वाट्याने. शेतीच्या खंडाचं उत्पन्न हे शेती उत्पन्न आहे आणि ते नोंदणीकृत ट्रस्टलाही आयकरातून माफ आहे. पण त्याच जमिनीवर मोबाईलचा मनोरा उभा राहिला, लग्नासाठी मैदान भाड्याने दिलं, तर ते शेती उत्पन्न नव्हे. दोन्हींचे हिशेब वेगळे लिहा.

आणि ही गोष्ट खंडकऱ्यांनी आणि जमीन घेणाऱ्यांनी पाठच करावी. ट्रस्टची जमीन विकायची, तारण द्यायची किंवा अदलाबदल करायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त आणि बिनशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरीही लागते. विश्वस्तांनी नुसता ठराव केला, शंभराच्या कागदावर सह्या झाल्या, पैसे मोजले, एवढ्याने व्यवहार पक्का होत नाही. देवस्थान इनाम जमिनीला तर महसूल खात्याची बंधनं आणखी वेगळी. पैसे तुमचे अडकतील आणि विश्वस्त 'मी काय करू?' म्हणतील. व्यवहाराआधी परवानगीचा आदेश बघा, मगच इसार द्या.

विश्वस्त मेला, निवृत्त झाला किंवा नवा निवडला, तर ९० दिवसांत फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. आपल्याकडे शेताचा फेरफार घालायला माणूस दहा चकरा मारतो, पण संस्थेचा फेरफार कुणाच्या ध्यानातही येत नाही. मग बँक सही चालवत नाही, आयकराचा अर्ज अडतो, आणि गावात 'खरा अध्यक्ष कोण' यावरून दोन तट पडतात. सुरुवातीला सांगितलेल्या गावाचं दुखणं हेच होतं.

देणगी: पावती फाडण्याआधी

दानपेटीबद्दल लोक घाबरून विचारतात. निव्वळ धार्मिक संस्थेच्या दानपेटीतल्या निनावी दानावर निनावी देणगीचा खास कर नाही. पण शाळा, दवाखाना, गोशाळा चालवणाऱ्या संस्थेने देणगीदाराचं नाव-पत्ता लिहिलाच पाहिजे. निनावी देणगी एकूण देणगीच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त असेल त्याच्यावर गेली तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर आहे.

८० जी ची पावती देणाऱ्या संस्थेने वर्षाच्या देणग्यांची यादी पुढच्या ३१ मेपर्यंत संगणकावर भरून दात्याला प्रमाणपत्र द्यायचं, ही पद्धत २०२१-२२ पासून सुरू झाली. उशिराला जुन्या कायद्यात दर दिवशी २०० रुपये शुल्क ठेवलेलं होतं. २ हजारांवरच्या रोख देणगीला ८० जी चा फायदा नाही. धान्य, वस्तू, श्रमदान यालाही नाही. आणि दात्याने नवी करप्रणाली घेतली असेल तर त्याला ही वजावट मिळतच नाही. हे आधीच सांगा, नाही तर तो नंतर संस्थेलाच दोष देतो.

'पावती मोठी द्या, पैसे परत घ्या' असं सांगणारे लोक फिरतात. त्यांना पायरी चढू देऊ नका. दात्याचं विवरण आणि संस्थेची यादी आता एकमेकांशी ताडून बघितली जाते. अशाने संस्थेची नोंदणी जाते.

गणपतीची, जत्रेची वर्गणी गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळांनाही धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ती घ्या आणि उत्सव झाल्यावर जमाखर्च चावडीवर लावा.

मंगल कार्यालय असणाऱ्या देवस्थानांसाठी वस्तू व सेवा कराची गोष्टही सांगतो. आयकर नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेच्या धार्मिक स्थळाच्या आवारातलं सभागृह दिवसाला १० हजारांच्या आत, खोली दिवसाला १ हजाराच्या आत आणि गाळा महिन्याला १० हजारांच्या आत भाड्याने दिला तर त्यावर हा कर नाही. इथेही पुन्हा १२ ए ची नोंदणीच कामाला येते. पाणलोट, वन आणि पर्यावरण जपण्याची सेवा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांनाही सूट आहे.

बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर

आता मुद्द्याकडे येऊ. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. हा पैसा पाणलोटाला, शाळेला, गाळ काढायला येतो. पण १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी मंत्रालयाकडे वेगळी नोंद करावी लागते. १२ ए आणि ८० जी लागतात आणि तशा कामाचा ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. परिणाम असा झाला, की ज्या मोठ्या संस्थांकडे शहरात कार्यालय, लेखनिक आणि सनदी लेखापाल आहेत, त्यांच्याकडे निधी जातो. गावची संस्था काम चोख करते, पण कागदात हरते. मग शहरातली संस्था निधी घेते आणि आपल्याच गावचा माणूस तिच्या हाताखाली राबतो. यात त्या संस्थेचा दोष नाही. कागद मागणाऱ्याचाही नाही. सार्वजनिक पैशाला कुणीही म्हणणारच, बाप दाखव नाही तर श्राद्ध कर.

पण सरकारलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोट्यवधींची उलाढाल करणारी संस्था आणि वर्षाला चार लाखांचं देवस्थान यांना नोंदणीचे जवळपास सारखेच टप्पे लावले. संकेतस्थळावरचे अर्ज इंग्रजी वळणाचे. मुदत वाढल्याची बातमी शहरातल्या लेखापालाला त्याच दिवशी कळते, गावातल्या पुजाऱ्याला कळत नाही. १० वर्षांची नोंदणी दिली हे चांगलं केलं. आता जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाने आणि आयकर खात्याने मिळून तालुक्याच्या गावी वर्षातून दोनदा शिबिर घ्यावं. आम्ही खरिपाआधी बियाण्याचं शिबिर घेतो, तसं मार्चआधी हिशेबाचं आणि सप्टेंबरआधी अहवालाचं. नियम कडक करणाऱ्याने तो पाळायला शिकवलंही पाहिजे.

मदत कुठून आणायची?

सरकारची वाट बघत बसण्यापेक्षा आपण काय करू शकतो ते बघू. सनदी लेखापालाची फी लहान संस्थेला जड जाते, हे खरं. पण रोजची कीर्द लिहायला सनदी लेखापाल लागत नाही. गावातला बारावी वाणिज्य झालेला मुलगा किंवा मुलगी थोड्या मानधनावर ते काम करू शकते. वर्षाअखेरचं लेखापरीक्षण तेवढं लेखापालाकडे. लिहिणारा आणि तपासणारा मात्र वेगळा असावा.

बाजाराच्या गावाभोवतालच्या आठ-दहा संस्थांनी एकत्र येऊन एकच लेखापाल ठरवला तर त्याची फेरी वाचते आणि फीही कमी होते. आपण पोकलेन, मळणी यंत्र सामाईक आणतो. मग लेखापाल सामाईक का नको? प्रत्येक संस्थेचं दप्तर आणि खातं मात्र स्वतंत्र.

एक सावधगिरीचा इशारा. अनेक संस्था सगळं एखाद्या मध्यस्थाच्या हवाली करतात. संकेतस्थळावर मोबाईल क्रमांक त्याचा, ई-मेल त्याचा, पासवर्ड त्याच्याकडे. नोटीस आली तर ती त्याला जाते, अध्यक्षाला नाही. मोबाईल आणि ई-मेल संस्थेचे ठेवा, पासवर्ड दोन विश्वस्तांकडे ठेवा, कोऱ्या नमुन्यावर सही करू नका. भरलेल्या प्रत्येक अर्जाची पोच मागून दप्तरी लावा.

कपाटात एवढं असलं पाहिजे: नोंदणी प्रमाणपत्र आणि परिशिष्टाचा ताजा उतारा, घटना किंवा योजनेची प्रत, पॅन, आयकर नोंदणीचे आदेश आणि त्यांची मुदत, कीर्द, खतावणी, क्रमांक छापलेली पावती पुस्तकं, खर्चाची व्हाउचरं, ठराव बुक, मालमत्तेचे सातबारे, दागिन्यांची वजनासह यादी, धान्याची आवक-जावक वही. आयकरासाठीची वह्या-कागदपत्रं १० वर्षं जपायची असतात. सगळ्या कागदांवर संस्थेचं नाव अक्षरशः एकच हवं. प्रमाणपत्रावर 'देवस्थान ट्रस्ट' आणि पॅनवर 'मंदिर कमिटी' असलं की पुढचा प्रत्येक अर्ज अडतो.

येत्या महिन्याचं काम

शेतात आपण एकाच दिवशी नांगरणी, पेरणी आणि कापणी करत नाही. इथेही तसंच. पहिल्या आठवड्यात परिशिष्टाचा उतारा काढा आणि त्यावरची नावं हयात आहेत का ते बघा. दुसऱ्या आठवड्यात आयकराच्या नोंदणीची मुदत तपासा. तिसऱ्या आठवड्यात बँकेत जाऊन खात्याला पॅन जोडला आहे का आणि किती कर कापला ते विचारा. चौथ्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक घेऊन राहिलेल्या कामाचा ठराव करा.

सरपंचांना एक विनंती. देवस्थान किंवा शिक्षण संस्था ग्रामपंचायतीच्या हाताखाली नाही, त्यामुळे सक्ती करता येणार नाही. पण ग्रामसभेच्या दिवशी संस्थांना मानाने बोलावून 'तुमचा जमाखर्च गावाला वाचून दाखवा' असं म्हणता येतं. ज्याचा हिशेब सरळ आहे तो खुशीने वाचतो. वाचला की देणगी वाढते आणि संशय कमी होतो.

त्या गाळाच्या तलावाचं पुढे काय झालं, हे विचाराल. अध्यक्षांनी हार मानली नाही. फेरफार अर्ज दाखल केला, पॅन काढला, गावातल्याच एका मुलीला कीर्द लिहायला बसवलं. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, पिशवीतला तो कागद आता फायलीत लावला. त्याच्या मागं आणखी बारा कागद आहेत." तलाव अजून गाळाचाच आहे. पण पुढच्या वेळी गावाची बाजू कागदावाचून पडणार नाही.

तुमच्या गावच्या पिशवीत काय आहे, ते आजच उघडून बघा.